दारावर परका माणूस

माझ्या मोठ्या नणंदेच्या हातचं इंजेक्शन दुखत नसे. हे मी घरचं माणूस म्हणून सांगत नाही, आमचा अख्खा हेंद्रेपाडा सांगायचा. बदलापुरात तेव्हा दवाखाने होते, डॉक्टर होते, पण डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की लोक इंजेक्शन घ्यायला आमच्या घरी यायचे. वन्सं कामावरून येऊन पाय धुताहेत तोच ओटीवर कुणीतरी बाही वर सरकवून बसलेलं असे. मग स्टोव्हवर पातेल्यात काचेची सिरिंज उकळायला पडे, वन्सं कोपरापर्यंत साबणाने हात धूत आणि समोरच्या बाईला विचारत, "माहेर कुठलं तुमचं?" पुरुष असला तर, "आजोळ कुठलं?" माणूस गावाचं नाव सांगून तिथल्या नदीपर्यंत पोचतो न पोचतो तोच वन्सं कापसाचा बोळा दाबून म्हणत, "चोळा आता." सुई कधी गेली, कधी बाहेर आली, कळायचं नाही.

मी लग्न होऊन या घरात आले ती चौऱ्याऐंशी साली. सासू-सासरे आधीच गेलेले. घरात हे आणि वन्सं, दोघंच. त्यांचं नाव कुसुम, पण मी रीतीप्रमाणे वन्सं म्हणायची, हे ताई म्हणायचे आणि गल्लीला त्या सिस्टर. ह्यांना त्या अरू म्हणत. वडील गेले तेव्हा हे शाळेत होते. वन्संनी नर्सिंगचं शिक्षण पुरं केलं, नोकरी धरली, भावाला बी.एस्सी. केलं, अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबोरेटरीत तो लागला तशी त्याच्यासाठी मुलगी पाहिली. स्वतःच्या लग्नाचा विषय कुणी काढला तर म्हणायच्या, "माझी ड्यूटी चालू आहे." ती कधी संपणार ते सांगत नसत.

मला त्यांनी सासूसारखं वागवलं नाही, शिकाऊ नर्ससारखं वागवलं. पहिल्याच महिन्यात माझ्या हातात सिरिंज आणि एक मोसंबं दिलं. "सालीतून गेल्याचं कळलं पाहिजे आणि गरात थांबायला जमलं पाहिजे." मी गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवायची, दुपारी घरी असायची. वन्संची दिवसपाळी असली की आलेला माणूस परत जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. दहा-बारा मोसंबी वाया गेल्यावर त्यांनी आपला दंड पुढे केला. मी सुई दोनदा मागे घेतली. त्या म्हणाल्या, "रड हवं तर, पण हात हलवू नकोस." हे वाक्य त्या लहान मुलांनाही म्हणायच्या आणि पोलीस पाटलालाही.

नोकरी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका नर्सिंग होममध्ये. डॉक्टर सिंधी, पेशंट बहुतेक सिंधी. तिथल्या बायका वन्संना 'अदी' म्हणत, म्हणजे ताई. सून बाळंतपणाला आली की सासू आधी चौकशी करी, "अदी ड्यूटी पे है ना?" वन्संची मराठी त्या सहवासात पार मिसळून गेली होती. घरी आमटीला मीठ कमी पडलं तर अर्धं वाक्य हिंदीत यायचं, आणि रागावल्या की दोन शब्द सिंधीतून. संध्याकाळी वॉर्डातल्या नकला करून दाखवायच्या. आम्ही तिघं स्वयंपाकघरात पोट धरून हसायचो. ती तीन वर्षं या घरातली सगळ्यात चांगली वर्षं होती.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक भारी अंगाची पेशंट न्हाणीघरात पडली. तिला उचलताना वन्संच्या पाठीत चमक भरली आणि त्या तिथेच बसल्या. मणक्यातली चकती सरकली होती. तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली, पण त्या दिवशी वॉर्डात दोन ऑपरेशनं झालेली होती आणि दुसरी अनुभवी नर्स नव्हती. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर देतात ते इंजेक्शन त्यांना दिलं. अफूच्या जातीचं, जबर. अर्ध्या तासात वन्संनी उभं राहून ड्रेसिंग केली. घरी आल्या त्या तरंगत. "काय औषध आहे गं शैला! आपल्याला पाठ आहे हेच विसरायला होतं."

पुढचे काही आठवडे ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालू होतं. मग डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं, आणि वन्संनी बंद केलं असं आम्ही समजलो.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्या कोपराखालपर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालायला लागल्या, तेव्हा मला वाटलं, वय झालं, आवड बदलली. न्हाणीघरात पाऊण पाऊण तास जाऊ लागला, तेव्हा वाटलं, पाठ शेकत असतील. पातेल्यातलं पाणी आटून एक सिरिंज तडकली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एकदा शेजारच्या आळीतली एक बाई इंजेक्शनला आली होती. वन्संनी विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?" ती म्हणाली, "मुरबाडकडचं." वन्संनी सिरिंज भरली आणि पुन्हा विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?" बाईने माझ्याकडे पाहिलं. मी हसून वेळ मारून नेली. त्या दिवसापासून मी बऱ्याच वेळा अशी वेळ मारून नेत गेले.

एका रविवारी न्हाणीघर घासताना माझ्या तळपायात काच घुसली. मी लंगडत बाहेर आले. वन्संनी मला पाटावर बसवलं, चिमटा उकळला आणि पाय मांडीवर घेतला. एका झटक्यात काच बाहेर आली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. इंजेक्शनच्या औषधाची छोटी काचेची कुपी असते ना, तिच्या तोडलेल्या मानेचा तो तुकडा होता. निळी रेघ दिसत होती त्यावर. मी काचेकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली, कडेला गाठ न येता टोक आत खोचलं. इतकी नीट पट्टी मला कुणी कधी बांधली नाही. मग माझा पाय तसाच मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "अरूला सांगू नकोस."

"किती दिवस झाले, वन्सं?"

"दिवस नाही गं. दोन वर्षं."

मी तीन आठवडे ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "मला माहीत आहे." ह्यांना माझ्याआधी आठ महिने माहीत होतं. नर्सिंग होममधून मिळायचं बंद झालं की हेच अंबरनाथहून येताना औषधाच्या दुकानातून कुप्या आणत. एका घरात आम्ही तिघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

मला लोक विचारतात, तुम्ही इतकी शिकलेली माणसं, थांबवलं कसं नाही? ज्याने ते जवळून पाहिलंय तो असं विचारत नाही. वेळेवर मिळालं नाही की वन्संना आधी जांभया यायच्या, एकामागून एक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग नाक गळायचं, अंगावर काटा यायचा, घाम सुटायचा. मग पोट बिघडायचं आणि पाय आपोआप झाडले जायचे. हाडं कुणी पिरगाळतंय असं वाटतं, म्हणायच्या. ज्या बाईने ह्यांना लहानाचं मोठं केलं ती फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असायची आणि ते थांबवणारी वस्तू दुकानात मिळत होती. हे चप्पल घालून बाहेर पडायचे.

आणि मी. मी काय केलं तेही सांगायला हवं. त्या औषधाने वन्संच्या मांड्या लाकडासारख्या टणक झाल्या होत्या, जागोजागी जखमा. शिरा दडून गेल्या होत्या. दुसऱ्याची शीर डोळे मिटून शोधणाऱ्या वन्संना स्वतःची सापडेना. एका दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. सिरिंज भरलेली होती. दंडाची मागची बाजू पुढे करून त्या म्हणाल्या, "इथे माझा हात पोचत नाही."

"मी नाही देणार."

"शैला, मी तुझ्या पाया पडते."

त्या खरंच वाकल्या. मोठी नणंद आपल्या पायाशी वाकते आहे हे मला सहन झालं नाही. मी त्यांना उठवलं आणि दिलं. हात हलला नाही. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि त्या अगदी जुन्या, पहिल्या वर्षीच्या आवाजात म्हणाल्या, "छान दिलंस गं." त्यानंतर किती वेळा दिलं ते मी मोजलं नाही.

एकदा घरीच सोडवायचा प्रयत्न केला. कल्पना वन्संचीच. दिवाळीच्या सुट्टीत मागच्या खोलीत त्यांना ठेवायचं, बाहेरून कुलूप, किल्ली माझ्याकडे. "मी काही बोलले तरी उघडू नकोस. ती मी नसेन." पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नाही नाही ते बोलून घेतलं. मला मूल नव्हतं, त्यावरून बोलल्या. मी कान बंद करून वाती वळत बसले. तिसऱ्या दिवशी त्या बोलायच्या थांबल्या. आतून फक्त भिंतीवर टाच आपटल्याचा आवाज, ठक, ठक, सकाळपासून. दुपारी हे आले. दाराशी उभे राहिले. आतून वन्सं म्हणाल्या, "अरू, पाणी दे रे बाळा." ह्यांनी माझ्या कमरेची किल्ली काढून घेतली. मी अडवलं नाही. हे कुपी आधीच घेऊन आले होते.

त्यानंतर वर्षभर आम्ही तो विषय काढला नाही. घरात सगळं चालू असायचं. सण व्हायचे, पाहुणे यायचे, वन्संच्या लांब बाह्या पाहून कुणी काही विचारलं तर मी म्हणायची, "त्यांना थंडी फार वाजते." गल्लीतले लोक इंजेक्शनला यायचे हळूहळू बंद झाले. कुणी कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मला रात्रंदिवस एकच भीती, कुणाला कळलं तर? पण कळावं असंही वाटायचं. कुणीतरी बाहेरच्याने येऊन हे बंद करावं.

ब्याण्णव साली बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरची सोनीबाई नर्सिंग होममध्ये आली. दगडाच्या खाणीवर कामाला होती, पायावर दगड पडला. ठेकेदाराने बोभाटा नको म्हणून सरकारी दवाखान्यात न नेता तिथे आणून टाकली. पायाची तीन बोटं काढावी लागली. दिवसातून दोनदा तिला दुखण्याचं इंजेक्शन लिहिलेलं होतं, तेच, आणि ते द्यायचं काम वन्संकडे. पुढचं मला वन्संनीच सांगितलं. ओटीवर, भर दुपारी, दार उघडं टाकून सांगितलं. कुणी ऐकेल याची त्यांना फिकीर उरली नव्हती.

"दोन दिवस मी तिला पाणी टोचलं, शैला. नुसतं डिस्टिल्ड वॉटर. तिचं मी घेतलं."

मी दार लोटायला उठले, त्यांनी हाताने मला खाली बसवलं.

"आज ड्रेसिंगला गेले. ओठ चावून चावून रक्ताळला होता. मला बघून हसली. म्हणाली, 'बाय, तुजा हात लय हलका. सुय टोचतेस ता कलत पन नाय. पर दुखाचा थांबला नाय गो. मीच नाजूक झाले का काय.' माझी माफी मागत होती गं ती."

वन्सं तेव्हा रडत नव्हत्या. सरळ बसल्या होत्या, वॉर्डाचा रिपोर्ट द्यावा तशा. तिथून निघण्याआधी त्यांनी दुसऱ्या नर्सकडून सोनीबाईला डोळ्यांदेखत औषध देववलं होतं, मग डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं होतं. डॉक्टर टेबलाकडे पाहत म्हणाले, "सिस्टर, शुरू तो मैंने ही किया था." पोलिसांत गेले नाहीत. नोकरी मात्र त्या मिनिटाला संपली. डॉक्टरांनीच मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ओळखीच्या डॉक्टरला चिठ्ठी दिली. तिथे मनोविकाराच्या वॉर्डात दाखल करून असं व्यसन सोडवत. पुण्याकडे एक केंद्र होतं, पण बायकांना राहायची सोय नव्हती.

संध्याकाळी हे आले आणि घरात पहिल्यांदा आवाज चढला.

"वेड्यांच्या वॉर्डात? ताई, लोक काय म्हणतील? मी रजा काढतो महिनाभर. घरीच करू. या वेळी मी किल्लीला हात लावणार नाही."

"लावशील," वन्सं म्हणाल्या.

"नाही लावणार. शपथ घेतो."

"अरू, तुझं माझ्यावर प्रेम आहे. हिचंही आहे. म्हणून तुम्ही दोघं दार उघडता. मला दारावर परका माणूस हवाय. मी रडले तरी ज्याला काही वाटणार नाही, असा."

ह्यांनी तोंडावर पंचा धरला आणि ते आत गेले. मी पिशवी भरायला घेतली. वन्संनी स्वतः पिशवी उलटी केली, शिवणीशिवणीत बोटं फिरवली, पावडरचा डबा उघडून पाहायला लावला, केसांचा अंबाडा सोडून माझ्यापुढे बसल्या. "शोध. चोराची झडती घेतात तशी घे." परकराच्या नाड्याच्या नेफ्यात मला दोन कुप्या सापडल्या. त्यांनीच दुपारी शिवल्या होत्या. ज्या हातांनी शिवल्या त्याच हातांनी माझ्याकडून काढवून घेतल्या. मी त्या मोरीत फोडल्या. ते पाणी वाहून जाताना त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

वॉर्डाला लोखंडी जाळीचं दार होतं. टेबलावरच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी ह्यांच्यापुढे फॉर्म केला, "नातेवाइकांची सही इथे." वन्संनी पेन घेतलं. "मी शुद्धीत आहे. मीच करते." डॉक्टरबाईंनी समजावलं, पहिले आठ-दहा दिवस फार वाईट जातील, मधेच जायचं म्हणाल. वन्सं म्हणाल्या, "म्हणेन. तेव्हा माझं ऐकू नका, असं इथे लिहून देऊ का?" डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, लिहा. वन्संनी कागदाच्या तळाशी ते मराठीत लिहिलं आणि सही केली. बांगड्या, पदराच्या पिना आमच्या हवाली केल्या. आयाने जाळी लावली. ती आया भिंतीला टेकून शेंगदाणे खात होती, तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वन्संनी तिच्याकडे बोट दाखवून ह्यांना म्हटलं, "बघ, अशी पाहिजे."

पहिले दोन आठवडे भेट नव्हती. तिसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा जाळीपलीकडे एक वाळकी, केस गळलेली बाई बसली होती. पहिल्या पाच दिवसांतलं काही आठवत नाही म्हणाल्या. चौथ्या दिवशी आयाचा हात चावल्या होत्या. "तिने मला एक ठेवून दिली आणि पुन्हा येऊन अंग पुसलं," हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. सहा आठवड्यांनी घरी आल्या. पाच महिने बरे गेले. मग दाढ काढायचं निमित्त झालं, दाताच्या डॉक्टरांनी काहीतरी दिलं आणि आठ दिवसांत सगळं पुन्हा सुरू झालं. ह्यांनी डोक्याला हात लावला. मी शाळेतून आले तर वन्सं पिशवी भरून ओटीवर बसलेल्या. "चल, मला जाळीपर्यंत पोचव." दुसऱ्यांदा नऊ आठवडे राहिल्या.

तिथून सुटल्यावर घरी न येता आधी त्यांना सोनीबाईच्या पाड्यावर जायचं होतं. बारवीकडे जाणाऱ्या एस.टी.ने मीच घेऊन गेले. मी वाटेत म्हटलं, कशाला, तिला माहीतही नाही, बरी आहे ती.  सोनीबाई दारात बसून सूप विणत होती, पाय पुढे पसरलेला. आम्हाला बघून तोंडभर हसली, पोराला पाणी आणायला पिटाळलं. वन्संनी पाण्याला हात न लावता सांगितलं.

सोनीबाईचा हात थांबला. "म्हंजे सुईत पानी व्हता?"

"हो."

"आन् औशद?"

"मी घेतलं."

तिने आपल्या पसरलेल्या पायाकडे पाहिलं. "माजा धनी मना बोलला, बाकीची मानसा सुई घेऊन निजतात, तुलाच काय झाला वरडाया. मना पन वाटला, माजाच जीव कच्चा." मग आमच्याकडे न बघता, स्वतःशीच म्हणाली, "म्हंजे दुखत व्हता ता खरा व्हता."

वन्सं उभ्याच होत्या. सोनीबाईने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "जा तुमी आता. यष्टी निंगल."

तिने माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. वन्संनी परतीच्या वाटेवर त्याची चर्चा केली नाही. त्यानंतर त्यांनी नर्सच्या कामाला कायमचा रामराम केला.

आणि आमच्या घरालाही. हे मला फार लागलं. वांगणीला एका रोपवाटिकेत रोपांची देखभाल करायचं काम त्यांनी धरलं आणि तिथेच एक खोली घेतली. मी म्हटलं, माझ्यावर राग आहे का? त्यांनी माझा हात धरला. "राग नाही गं. पण त्या घरात मला माहीत आहे, पाया पडलं की मिळतं." मी त्यांचा हात सोडला नाही, पण थांबाही म्हणाले नाही. त्या खरं बोलत होत्या.

मी दर रविवारी जात असे. त्या बागेतल्या मजुरांवर डाफरत असायच्या, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला फडकं. लांब बाह्या सोडल्या होत्या. दंडावरचे काळे टणक डाग उघडे टाकून हिंडायच्या. कुणी विचारलं की सरळ सांगायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी इकडे तिकडे बघायची.

सत्त्याण्णवच्या श्रावणात त्या रोपवाटिकेत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्ही त्यांना गाडीत घालून उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात आणलं. बाहेरच्या बाकावर पंधरा-वीस माणसं होती. त्यातल्या दोन बायका त्यांना पूर्वीपासून ओळखत होत्या, धावत आल्या, कपाळावर हात फिरवायला लागल्या. दुखण्याने वन्संचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. "नाव काय, आजी?"

वन्सं म्हणाल्या, "नाव नंतर लिहा. आधी हे लिहा, मला दुखण्याच्या इंजेक्शनचं व्यसन होतं. सहा वर्षं होतं, चार वर्षं सुटलंय. काय द्यायचं ते विचार करून द्या, पण द्या, फार दुखतंय. आणि घरी जाताना माझ्या हातात काही देऊ नका."

मोठ्याने म्हणाल्या, वॉर्डात म्हणायच्या तशा, खणखणीत. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. त्या दोन बायकांपैकी एकीचा हात कपाळावरून उचलला गेला, दुसरीचा तिथेच राहिला. हे जमिनीकडे बघत होते.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. "खरंय का?"

"खरंय," मी म्हटलं. "आणि कितीतरी वेळा ते इंजेक्शन मी दिलंय. तेही लिहा."